भोंगाबाईचं अपील

बाजारात तिला सगळे भोंगाबाई म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचा राग नव्हता. फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणं हे तिचं काम. फाटकातून आत पाऊल टाकलं की आधी तिचा आवाज कानावर पडायचा, मग सफरचंदांच्या क्रेटांच्या चळती दिसायच्या, आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेलं की पालथ्या क्रेटवर, कमरेला शाल आवळून उभी असलेली ती दिसायची. माल कुणाचा, कुठल्या प्रतीचा, बोली कुठवर चढली, हे सगळं ती एका दमात सांगे, आणि तो दम संपायच्या आत पुढची बोली येई. छपरावरची कबुतरं तिच्या पहिल्या पुकाऱ्याला उडत ती लिलाव आटोपल्यावरच परत उतरत, असं हमाल सांगत. हमालांच्या सांगण्यातलं अर्धं सोडून द्यावं. पण उरलेलं अर्धंही काही थोडं नव्हतं.

या कामात ती शिरली तीही गंमतच. आधी ती संत्री निवडायला बसायची. एके सकाळी लिलाव पुकारणाऱ्या बुवांचा घसा बसला. बुवा तोंड उघडत आणि नुसती हवा बाहेर येई. व्यापारी वैतागले. तेव्हा संत्र्यांच्या ढिगामागून ही ओरडली, "अहो, आवाज फुटत नाही तर खाली उतरा की! सूर्य डोक्यावर आला!" ते वाक्य बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, वजनकाट्यापाशी ऐकू गेलं. गाळेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हिलाच वर चढवलं. ती चढली ती चढलीच.

नवरा तिच्या अगदी उलट. बाजाराच्या शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर थंडीत, एकटा. बोलणं म्हणाल तर हो, नाही आणि वाढ. कुणी छेडलंच तर म्हणे, "घरात एक भोंगा आहे. दुसरा लावला तर शेजारी घर सोडतील."

त्यांना मूलबाळ नव्हतं, पण तिने एक पोर वाढवलेलं होतं: तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून ताप आला की उशाशी बसण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. धाकटी मुलखाची भिडस्त. दुकानात रांगेत तिच्या पुढे कुणी घुसलं तरी ती मुकाट मागे सरकायची, आणि मग ताई जाऊन घुसणाऱ्याची अशी काही खबर घ्यायची की त्याला आपण काय घ्यायला आलो होतो तेच आठवायचं नाही.

धाकटीने लग्न केलं ते टायरच्या दुकानात काम करणाऱ्या एका देखण्या, हसऱ्या माणसाशी. भोंगाबाईलाही तो पसंत होता, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. वर्षभर सगळं गोडीगुलाबीचं. मग धाकटी दारावर आपटू लागली, जिन्यावरून पडू लागली, न्हाणीघरात घसरू लागली. एका माणसाने एवढं पडावं याचं ताईला नवल वाटे. विचारलं की धाकटी म्हणे, "माझंच लक्ष नसतं गं."

एका दुपारी ती हातात पिशवी घेऊन ताईच्या दारात उभी राहिली. मनगट सुजून केवढं तरी झालेलं. "ताई, मी थोडे दिवस राहू?" एवढंच म्हणाली. ताईने पिशवी आत घेतली.

भोंगाबाईच्या नवऱ्याने जेवण उरकलं आणि तो कामावर गेला. तो फाटकाबाहेर पडला तसा जिन्यावर पावलांचा आवाज झाला. धाकटीचा नवरा खालीच उभा होता. साडू कधी बाहेर पडतो याची वाट पाहत. त्याच्या हातात टायर उपसायची लोखंडी पहार होती. तो आरडाओरडा करत आला असता तर भोंगाबाईने त्याच्या दुप्पट आरडाओरडा करून चाळीस घरं गोळा केली असती. पण तो एक शब्द बोलला नाही. पहार धाकटीच्या दंडावर बसली, हाड मोडल्याचा आवाज झाला, आणि भोंगाबाई मध्ये पडली. त्याने तिला भिंतीला लावलं, पहार आडवी करून तिच्या गळ्यावर धरली आणि सगळा भार देऊन रेटली. खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि त्यांची सून धावत वर आले आणि दोघांनी मिळून त्याला ओढून काढलं, म्हणून ती वाचली.

वाचली, पण स्वरयंत्राचा चुरा झाला होता. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "श्वास नीट चालेल, जेवण जाईल. आवाज मात्र परत येणार नाही. कुजबुजता येईल, बस."

नवरा खाटेपाशी आला. काय बोलावं ते त्याला सुचेना. तसं ते त्याला कधीच सुचत नसे. तिने त्याला खुणेने जवळ बोलावलं. त्याने कान तिच्या ओठांशी नेला. आतून वारा फुंकल्यासारखे शब्द आले, "आता तुलाच बोलावं लागणार."

बाजारात ती परतली तेव्हा तिच्या क्रेटवर दुसराच कुणी उभा होता. गाळेवाल्यांनी तिला सन्मानाने संत्री निवडायला बसवलं. ती बसली. हात सराईत होते. डोळे मात्र सारखे तिकडे जात. नवा पुकारणारा माल विकायचा तो ओझं टाकून मोकळं व्हावं तसा. ते तिला बघवेना.

एक दिवस नवऱ्याने घरी एक वस्तू आणली. बोटाएवढा माइक, तो कॉलरला अडकवायचा, आणि कमरेला बांधायची स्पीकरची पेटी. कित्येक संध्याकाळी तो त्यावर खटपट करत बसला होता. पहिल्या दिवशी पेटीने अशी शिट्टी मारली की हमालांनी कानात बोटं घातली. एक जण ओरडला, "बाई, याच्यापेक्षा तुमचा पहिला आवाज मऊ होता हो!" सगळा बाजार हसला आणि तीही हसली. मग पेटी ताळ्यावर आली आणि तिने पहिला माल पुकारला. खरखरीत, खालच्या पट्टीतली कुजबुज गाळ्यांमधून पसरली. ऐकायचं तर व्यापाऱ्यांना गप्प राहावं लागलं. पूर्वी ती गोंगाटाला दाबून टाकायची. आता गोंगाटच तिच्यासाठी थांबला. आठवडा गेला आणि नव्या पुकारणाऱ्याने आपण होऊन पालथं क्रेट रिकामं केलं.

खटला उभा राहिला तो याच सुमाराला. भोंगाबाईने साक्ष दिली, शिंप्यांनी दिली, त्यांच्या सुनेने दिली. धाकटीनेही जे घडलं ते खरं खरं सांगितलं. गुन्हा शाबीत झाला. पण शिक्षा ठरवायच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, "शिक्षेबद्दल कुणाला काही सांगायचंय?" तेव्हा धाकटी उठली. दवाखान्यातूनच सासूने तिला आपल्या घरी नेलं होतं आणि गेले कित्येक दिवस ती तिच्याजवळ बसून रडत होती, हे ताईला माहीत होतं. तरी पुढचं तिला अपेक्षित नव्हतं.

"तो मनाने वाईट नाही," धाकटी खाली मान घालून म्हणाली. "राग आला की त्याला काही सुचत नाही. मी त्याला माफ केलंय. शिक्षा कमी द्या."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. रागाच्या भरात घडलं, पहिलाच गुन्हा, पत्नीने माफ केलं, म्हणून पाच वर्षं. निकाल ऐकून भोंगाबाई बाहेर आली. धाकटी व्हरांड्यात सासूचा हात धरून उभी होती. ताई तिच्या समोरून गेली आणि तिने मान वळवली नाही. ज्या पोरीला रांगेत कुणी धक्का दिला तर ताईने आकाशपाताळ एक केलं होतं, त्याच पोरीने आज ताईचा गळा दान करून टाकला होता. धाकटी सासूच्याच घरी राहिली, आणि दोघींमधलं येणंजाणं तुटलं.

काही महिने गेले आणि भोंगाबाईला कळवण्यात आलं की धाकटीच्या नवऱ्याने वरच्या कोर्टात अपील केलंय. त्याचं म्हणणं, पाच वर्षंही फार झाली. आजवर जेवढं आत काढलं तेवढ्यावर भागवावं आणि घरी सोडावं.

"घरी," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे धाकटी आहे तिथे."

"हो," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लिलाव संपताच ती सरकारी वकिलांच्या कचेरीत गेली. तिथे फायलींच्या भिंतीआड एक तरुण वकीलबाई बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धी पोळी तशीच. भोंगाबाईची स्पीकरची पेटी बाजारातच राहिली होती. तिच्याशी बोलायचं तर कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे, आणि एकदा कोणी कान नेला की ती तो सोडत नसे.

"तो वर जाऊ शकतो, तर मी का नाही?" तिने विचारलं.

"शिक्षा जास्त वाटली तर आरोपी वर जातो," वकीलबाई म्हणाल्या. "कमी वाटली तर आपणही जाऊ शकतो. शिक्षा वाढवून मागायची."

"आपण म्हणजे कोण?"

"सरकार."

"मग सरकारला सांगा."

"सरकार म्हणजे इथे माझे साहेब. आणि मुदत संपत आलीये. साहेब अशा प्रकरणात सहसा..."

"मग साहेबांना सांगा."

वकीलबाईंनी सुस्कारा टाकला. "सांगते. पण ऐका. वर गेलं म्हणजे वाढेलच असं नाही. त्याचं अपील मान्य झालं तर आहे तीही कमी होईल."

"आहे ती तरी कुठे जास्त आहे?"

त्या दिवसापासून रोज दुपारी ती कचेरीतल्या बाकावर येऊन बसू लागली. भांडली नाही, रडली नाही. साहेब जाता-येता दिसले की उठून उभी राही आणि काहीतरी पुटपुटे. न ऐकल्यासारखं करून पुढे जाणं साहेबांना जमेना, कारण पुटपुटणाऱ्या बाईच्या गळ्यावर आडवा व्रण होता आणि तो झाकायला ती मुद्दाम काही गुंडाळत नसे. साहेब थांबत, कान देत. शेवटी एके दिवशी ते वकीलबाईंच्या टेबलाशी आले. "त्या बाकावरच्या बाईंचं अपील तयार करा. नाहीतर त्या निवृत्तीनंतर माझ्या घरी येऊन बसतील."

मुदतीच्या आत अपील दाखल झालं. आता वरच्या कोर्टापुढे दोन्ही मागण्या एकदम येणार होत्या: त्याची कमी करायची आणि हिची वाढवायची.

"जमेल?" तिने विचारलं.

वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "त्यांच्या हातात एकच पान आहे, पण ते हुकमाचं आहे. तुमच्या बहिणीचं म्हणणं. ते तेच वाचून दाखवणार."

भोंगाबाई घरी आली ती धुमसत. काय काय बोलायचं ते तिने मनात शंभरदा घोळवलं. तुला वाढवली ती याचसाठी का, इथपासून सुरुवात होती. आणि रविवारी बाजार बंद असताना ती तडक धाकटीच्या सासरी गेली.

घराला नुकताच रंग दिला होता. वास जिन्यापर्यंत येत होता. दार सासूने उघडलं. तिच्या मागे, पुढच्या खोलीत, नवी कोरी गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला टेकवलेली दिसत होती. मुलगा सुटणार याची तयारी चालली होती.

"आता काय राहिलंय?" सासू म्हणाली. "माझं पोर आत बसलंय तुझ्यापायी."

भोंगाबाई काहीतरी बोलली.

"काय? ऐकू येत नाही. मोठ्याने बोल की!"

हे बोलून झाल्यावर सासूलाच आपण काय बोललो ते उमगलं आणि ती बाजूला झाली. आतल्या खोलीतून धाकटी बाहेर आली. हात प्लास्टरमधून सुटला होता, पण कोपरात पुरता सरळ होत नव्हता. अंगाने अर्धी झाली होती. तिला पाहिलं आणि भोंगाबाईने घोळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"जेवतेस ना नीट?"

धाकटीला ऐकू गेलं नाही. ती जवळ आली, अजून जवळ आली, आणि लहानपणी गुपित ऐकायला वाकायची तशी वाकली. ताईने पुन्हा विचारलं. धाकटी वाकलेली तशीच राहिली.

ही कुजबुज ती पहिल्यांदाच ऐकत होती. दवाखान्यात ताईच्या घशात नळी होती. खटल्यात ताईची साक्ष झाली तेव्हा धाकटीला, साक्षीदार म्हणून, बाहेर बसवलं होतं. आणि नंतर ताईने बोलणंच टाकलं होतं. ज्या आवाजाने तिला रोज सकाळी उठवलं, ओरडून अभ्यासाला बसवलं, त्या आवाजाचं काय झालं हे तिला लोकांकडून कळलं होतं. तिच्या कानांना कळलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "एवढाच राहिला?"

"एवढाच."

आतून सासूने भांडं आपटलं. धाकटी सरळ झाली आणि आत निघून गेली. भोंगाबाई जिना उतरली. घरी आल्यावर नवऱ्याने नुसतं बघून विचारलं. ती म्हणाली, "भांडायला गेले आणि जेवतेस का विचारून आले. झालं माझं अपील."

सुनावणीच्या दिवशी वरच्या कोर्टाची ती खोली पाहून भोंगाबाईला शीतगृह आठवलं: उंच छत, गार, आणि बोललेलं सगळं वर जाऊन विरणारं. दोन न्यायमूर्ती बसले होते; एक वयस्क बाई, जाड भिंगांचा चष्मा, आणि दुसरे जरा तरुण. धाकटीच्या नवऱ्याला पोलिसांनी आणून बाजूला बसवलं होतं. तो बारीक झाला होता, पण केस नीट विंचरलेले. मागच्या बाकावर त्याची आई. धाकटी कुठे दिसत नव्हती.

त्याचे वकील पांढऱ्या केसांचे, मोठे नावाजलेले. बोलणं असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. "एका क्षणाचा राग," ते म्हणाले. "आयुष्यात एकदाच घसरलेला पाय. आणि माननीय न्यायमूर्ती, जिच्यावर हात उगारला त्या पत्नीनेच त्याला माफ केलंय. जिथे घरच्या माणसाने क्षमा केली तिथे कायद्याने जास्त कठोर का व्हावं?" आणि त्यांनी धाकटीचं म्हणणं सावकाश, थांबत थांबत वाचून दाखवलं. भोंगाबाईने डोळे मिटून घेतले.

मग वकीलबाई उठल्या. त्यांच्या आवाजात गूळ नव्हता. "राग एका क्षणाचा होता असं म्हणतात. तो क्षण जरा पाहू या. याने पहार दुकानातून घेतली. बस पकडली. अर्धं शहर ओलांडून उतरला. फाटकाशी उभा राहिला. शिंप्यांनी त्याला तिथे उभं असलेलं पाहिलंय. घरातला पुरुष कामाला निघून जाईपर्यंत थांबला. आणि मग वर गेला."

चष्मावाल्या न्यायमूर्तींनी कागदांवरून मान वर केली आणि पांढऱ्या केसांच्या वकिलांकडे पाहिलं. "म्हणजे वकीलसाहेब, हा राग बसचं तिकीट काढून आला म्हणायचा?"

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "तरीही पत्नीची क्षमा..."

"त्याबद्दल," वकीलबाई म्हणाल्या, "पत्नी स्वतः हजर आहे. आज सकाळी ती आपण होऊन माझ्याकडे आली. तिला स्वतः सांगायचं आहे. आपण परवानगी द्यावी."

मागचं दार उघडलं. धाकटी आत आली. सासू बाकावरून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तेच जुनं हसू चेहऱ्यावर आणून. धाकटीने पाहिलं नाही. ती चालत पुढे गेली आणि कठड्याशी थांबली. भोंगाबाईला मागून तिची पाठ तेवढी दिसत होती. रांगेत मागे सरकणारी ती पोर. ही आता सरकेल, ताईला वाटलं. आता सरकेल.

"खालच्या कोर्टात तुम्ही शिक्षा कमी मागितली होती," न्यायमूर्तीबाई म्हणाल्या. "आज काय म्हणणं आहे? घाबरू नका."

"मी माफ केलं म्हटलं होतं," धाकटी म्हणाली. आवाज बारीक होता पण फुटला. "ते माझ्या हाताचं होतं. माझा हात होता, मी माफ केलं. पण ताईचा गळा माझा नव्हता. तो माफ करणारी मी कोण? मला कुणी विचारलं नाही, आणि मीही तेव्हा विचार केला नाही. माझी माफी तिच्या वाटणीत धरू नका. आणि..." तिने कठडा घट्ट धरला. "आणि माझ्या हाताचीही मी परत घेते. तो रागात मारत नव्हता. तो दार लावून घ्यायचा आणि मग मारायचा. रागात कुणी आधी कडी लावतं का?"

पांढऱ्या केसांचे वकील उठले. "साक्षीदार आता जबाब बदलते आहे! तिच्या बहिणीने तिला..."

"बहिणीने तुम्हाला काय सांगितलं?" न्यायमूर्तींनी धाकटीला विचारलं.

"तिने विचारलं, जेवतेस ना नीट." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू धाकटीला फुटलं. "बाकी काही नाही."

भोंगाबाई बाकावरून उठली होती हे तिला स्वतःला कळलंही नाही. नवऱ्याने तिचा पदर धरून खाली बसवलं.

निकाल त्या दिवशी लागला नाही. न्यायमूर्तींनी सगळे कागद ठेवून घेतले आणि पुढची तारीख दिली. धाकटी कोर्टातून सासरी गेली नाही. ताईच्या घरी आली, एवढ्याशा पिशवीसकट. पहिली रात्र दोघी फार बोलल्या नाहीत. धाकटी भांडी घासायला गेली तर ताईने तिला हाताला धरून बाजूला केलं, आणि एवढ्यावर दोघींचं मिटलं.

निकालाच्या दिवशी बाजारातले निम्मे हमाल कोर्टाच्या आवारात जमले होते. आत मोजक्यांनाच सोडलं. चष्मावाल्या न्यायमूर्ती एकसुरात वाचत होत्या. कलमं, आधीचे निकाल, वैद्यकीय अहवाल. भोंगाबाईला त्यातलं फार थोडं कळत होतं. मग त्यांनी पान उलटलं आणि भाषा सोपी झाली. ठरवून केलेला हल्ला. एका स्त्रीचा हात कायमचा अधू. दुसरीचा आवाज कायमचा गेला, आणि त्या आवाजावर तिचं पोट होतं. खालच्या कोर्टाने दाखवलेली दया अस्थानी. आरोपीचं अपील फेटाळण्यात येत आहे. सरकारचं अपील मंजूर. शिक्षा पाचाऐवजी बारा वर्षं.

"किती?" भोंगाबाईने विचारलं. कुणालाच ऐकू गेलं नाही.

वकीलबाई मागे वळल्या आणि ओठ हलवून म्हणाल्या, "बारा."

कमी करून घ्यायला आलेला दुपटीहून जास्त घेऊन परत निघाला. पोलिसांनी त्याला उठवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, एखाद्या दुकानदाराने आपल्याला ओळखलं नाही की वाटतं तसलं. धाकटीने या वेळी त्याच्याकडे सरळ पाहिलं. आधी त्याने नजर वळवली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर भोंगाबाईच्या छातीत असं काही दाटून आलं की ते बाहेर काढायला तो जुना आवाजच हवा होता. तिने तोंड उघडलं, नुसता वारा आला. शेजारी तिचा नवरा उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, टोपी काढली, आणि उभ्या आयुष्यात केली नव्हती अशी आरोळी ठोकली. शब्द कुठलाच नव्हता, निव्वळ आरोळी. आवारातल्या हमालांनी ती उचलली. कोर्टाचा शिपाई धावत आला, "ओ, ओ! हे काय मासळीबाजार आहे का?"

"नाही," नवरा धापा टाकत म्हणाला, "फळबाजार."

आवारात हसण्याचा कल्लोळ उठला आणि शिपाईही हसत परत गेला. त्या गोंधळात सासू एका कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसलेली धाकटीला दिसली. कुणी तिच्याजवळ नव्हतं. धाकटी गेली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन आली. बोलली काहीच नाही. ताईने ते पाहिलं. मनात आलं ते तिने मनातच ठेवलं, आणि थोड्या वेळाने तिला वाटलं की बरं केलं पोरीने.

धाकटी आता कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात माणसांवर देखरेखीला आहे. अधू हाताने इस्त्री जमत नाही, पण कोण कामचुकारपणा करतं ते तिला लांबून दिसतं, आणि ती ते बोलूनही दाखवते. पहिल्यांदा तिने एकाला झाडलं तेव्हा घरी येऊन तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी वकीलबाई फळबाजारात आल्या. सुट्टी होती, घरी न्यायला थोडी संत्री घ्यावीत आणि भोंगाबाईंना भेटावं, एवढाच बेत. लिलाव ऐन रंगात होता. गर्दीच्या मागे टाचा उंचावून त्यांनी पालथ्या क्रेटवरच्या बाईला पाहिलं, आनंदाने हात वर केला आणि जोरात हलवला.

घाऊक बाजारात वर गेलेला हात म्हणजे बोली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भोंगाबाईने त्यांना ओळखलं, पण लिलाव पुकारणाऱ्याचं तोंड ओळखदेख पाहत नाही.

"मागच्या बाईंची बोली! एकवार... दोनवार... तीनवार! संत्री, अख्खी गाडी, वकीलबाईंच्या नावे!"

वकीलबाईंचा हात वर तसाच राहिला. "अहो! अहो, मी नुसतं नमस्कार..."

"अपील करा," भोंगाबाई माइकात कुजबुजली, आणि ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला वजनकाट्यापर्यंत ऐकू गेलं. हमालांनी हसून हसून पोटं धरली. मग तिने बोली रद्द करून माल पुन्हा पुकारला, खाली उतरली, आणि वकीलबाईंसाठी उत्तम प्रतीची संत्री स्वतःच्या हाताने एकेक निवडून पिशवीत भरू लागली.